'साइटिंग झाली का?'

ताडोबाच्या जंगलात दोन जिप्सी समोरासमोर आल्या की क्षणभर थांबतात आणि एकीतून दुसरीत एक प्रश्न जातो : 'साइटिंग झाली का?' उत्तर 'झाली' असेल तर पुढे 'कुठे?' एवढेच विचारले जाते. 'नाही' असेल तर दोन्ही बाजूंचे चेहरे किंचित सैलावतात, कारण दुसऱ्यालाही मिळाले नाही यात एक दिलासा असतो. गेल्या मे महिन्यात चार तासांच्या एका फेरीत हा प्रश्न आम्हाला किती वेळा विचारला गेला याची मोजदाद आम्ही सुरुवातीला गंमत म्हणून ठेवली होती. अकरानंतर ती सोडून दिली. त्यानंतर लक्षात आले की आता आम्हीच तो विचारू लागलो आहोत.

आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे पाच जण. सुटी मे महिन्यातच मिळते, म्हणून मे महिन्यातच गेलो. हे आधी सांगण्याचे कारण असे की गर्दीविषयी लिहिणारे बहुतेक लोक स्वतःला गर्दीबाहेर ठेवून लिहितात. तेथे गेलेले इतर सगळे पर्यटक असतात आणि लिहिणारा तेवढा निसर्गप्रेमी! आम्ही गर्दीतले होतो. पहाटे साडेपाचच्या आत मोहर्लीच्या दारावर रांगेत उभे होतो, ओळखपत्रांची तपासणी होईपर्यंत पुढच्या गाडीवर चरफडत होतो आणि दार उघडताच आपली जिप्सी आधी सुटावी असे मनोमन म्हणत होतो. पुढे जे म्हणायचे आहे ते या कबुलीनंतरच म्हणता येईल असे आम्हाला वाटते.

जे घडले ते थोडक्यात असे. पहिले दोन तास सुकलेल्या बांबूतून, पानगळ झालेल्या सागातून फिरण्यात गेले. वाटेत गोंडकालीन म्हणून दाखवले जाणारे दगडी खांब लागले. आमच्या गाइडने त्यांच्याविषयी बोलायला सुरुवात केली तोच दूरवर चितळ ओरडले. जंगलाच्या सध्याच्या परिभाषेत 'कॉल आला'. खांबांची गोष्ट तेथेच तुटली आणि ती आजतागायत पुरी झालेली नाही. आम्ही पाणवठ्याशी पोहोचलो तेव्हा तेथे आधीच पंधरा-वीस गाड्या होत्या. पुढच्या गाडीतली माणसे सीटवर उभी, त्यांच्या मागची त्यांच्याहून उंच होण्याच्या खटपटीत. एका लहान मुलाला वडिलांनी खांद्यावर घेतले होते आणि ते मूल 'कुठंय? कुठंय?' असे रडवेले होऊन विचारत होते. मग गवताच्या कडेला एक पिवळसर पाठ हलली, कान दिसला, पुन्हा गवत. कॅमेऱ्यांचा आवाज पावसाच्या पहिल्या सरीसारखा एकदम आला आणि थांबला. वाघीण पाण्यावर आली नाही. ती काही वेळ गवतात थांबली आणि आल्या वाटेने निघून गेली. गाड्यांत 'झाली, झाली' अशी कुजबुज पसरली. आमच्याही.

परतीच्या वाटेवर आमच्यापैकी एकाने विचारले, 'ती पाणी प्यायला आली होती ना?' कोणी उत्तर दिले नाही.

या प्रसंगावर जो लेख सहज लिहिता आला असता तो वाचकांनी पुष्कळदा वाचला आहे. त्यात एक गोंगाट करणारी गर्दी असते, वेफर्सची पाकिटे असतात, भडक रंगाचे कपडे असतात आणि शेवटी 'आपल्याला निसर्गाची चाड कधी येणार' असा उसासा असतो. हा लेख खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही, तो अपुरा असतो. आम्ही पाहिलेल्या गाड्यांत गोंगाट जवळजवळ नव्हता. कोअर क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई आहे, गाडीत सहा पर्यटकांहून अधिक नसतात, गाइडवाचून प्रवेश नाही, खाली उतरता येत नाही आणि गाड्यांची संख्या दारागणिक ठरलेली असते. ही शिस्तीत आणलेली गर्दी आहे आणि त्या शिस्तीला एक इतिहास आहे. २०१२ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली होती. ती ऑक्टोबरमध्ये उठली, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांसह. गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, ही मर्यादा तेव्हाची आहे.

म्हणजे आकडे आवरलेले आहेत. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी, वर्षअखेरच्या सुटीत, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली, चालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तेथील गाड्याही परवानगी घेऊनच आत गेलेल्या होत्या. तेव्हा प्रश्न केवळ माणसे किती आली एवढा उरत नाही. ती सगळी एकाच ठिकाणी, एकाच क्षणी, एकाच गोष्टीसाठी का आली, हा खरा प्रश्न आहे. शंभर माणसे शंभर गोष्टी पाहायला एखाद्या जंगलात शिरली तर जंगल त्यांना सामावून घेईल. तीच शंभर माणसे एका पाठीसाठी आली की पाणवठ्याचा बाजार होतो.

आणि येथे आमच्या विषयाचा, म्हणजे भाषेचा, संबंध येतो.

मराठीत 'मला वाघ दिसला' असे म्हणतात. या वाक्यात क्रियापद वाघाच्या मागे जाते : वाघ दिसला, वाघीण दिसली, अस्वल दिसले. पाहणारा 'मला' असा चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी उभा असतो. दिसणे ही वाघाची क्रिया आहे. ती माझ्या वाट्याला आली तर आली. 'आम्ही वाघ पाहिला' या वाक्यात करणारे आम्ही होतो, पण तेथेही क्रियापद वाघाचे लिंग-वचन सोडत नाही. वाघीण पाहिली, वाघ पाहिला. मराठीच्या या दोन्ही वाक्यांत निदान दोन पक्ष आहेत, एक पाहणारा आणि एक दिसणारा. आता 'साइटिंग झाली' हे वाक्य घ्या. त्यात मी नाही आणि वाघही नाही. क्रियापद ज्याच्या मागे जाते ते 'साइटिंग' आहे. नोंदणी झाली, खरेदी झाली, जेवण झाले, तशी ती झाली. कोणी कोणाला पाहिले हे सांगण्याची गरज त्या वाक्याला उरलेली नाही.

परका शब्द आला म्हणून आम्ही हे म्हणत नाही. जिप्सी, गाइड, बफर, गेट हे शब्द आम्हीही येथे वापरले आहेत आणि ते मोहर्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. शब्दाच्या जन्मस्थानाविषयी आमची तक्रार नाही. हे वाक्य जंगलातल्या चार तासांचे होय किंवा नाही असे दोनच निकाल लावते, ही आमची तक्रार आहे. त्या सकाळी आम्हाला काय काय दिसले होते? रस्त्याकडेचा तो पांढुरक्या, गुळगुळीत खोडाचा वृक्ष, ज्याला लोक भुताचे झाड म्हणतात. पाण्याकाठी ओंडक्यासारखी पडलेली मगर. मोहाखाली वास घेत उभे असलेले सांबर. एक टकाचोर. यांतले काहीही त्या प्रश्नाच्या उत्तरात बसत नव्हते. वाघिणीची पाठ दिसली नसती तर ह्या सर्वांसह आमची फेरी 'नाही' या एका शब्दात जमा झाली असती.

आता आमच्या घरातले थोडे. मराठीत अरण्यलेखनाची एक समृद्ध परंपरा आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा', मारुती चितमपल्लींची 'रानवाटा', 'जंगलाचं देणं', 'चकवाचांदण' ही पुस्तके. वर्गात आम्ही ती शिकवतो तेव्हा बहुधा एक प्रतिमा उभी करतो : एक संवेदनशील माणूस, एकटा, भोवती शांत अरण्य. विद्यार्थ्याच्या मनात अरण्यानुभवाचे परिमाण म्हणून हा एकान्त ठसतो. मग तो विद्यार्थी, किंवा त्याचा शिक्षक, मे महिन्यात ताडोबाला जातो, वीस गाड्यांच्या मागे उभा राहतो आणि त्याला वाटते की आपली फसवणूक झाली. पुस्तकातले जंगल कोणीतरी पळवले.

पण ते एकटेपण किती खरे होते? चितमपल्ली वन खात्यात अधिकारी होते. जंगलात राहणे हे त्यांचे नोकरीतले काम होते आणि तो अधिकार आपल्यापैकी कोणाला मिळणारा नाही. शिवाय त्यांच्या पानोपानी माणसे आहेत : वाटाडे, पारधी, मासेमार, गोंड आणि माडिया वृद्ध, ज्यांच्याकडून ते नावे, खुणा आणि समजुती गोळा करत होते. माडगूळकरांच्या नागझिऱ्यातही जंगल जाणणारी माणसे सोबतीला आहेत. म्हणजे ज्याला आम्ही एकान्त म्हणून शिकवले तो खरे पाहता एका दीर्घ सहवासाचा भाग होता. तो सहवास ज्यांचा होता त्यांना आम्ही पार्श्वभूमीत ढकलले आणि लेखकाचे एकटेपण तेवढे पुढे आणले. आमच्या मते ही वाचनातली चूक आहे आणि तिचे परिणाम वर्गाबाहेरही गेले आहेत. जंगल म्हणजे आपण आणि वाघ, मध्ये कोणी नको, ही शहरी पर्यटकाची अपेक्षा आकाशातून पडलेली नाही. तिच्या घडणीत शिकारकथांचा आणि दूरचित्रवाणीचा मोठा वाटा असेल, पण साहित्याच्या अध्यापनाचाही थोडा आहे.

या लेखकांकडून घ्यायला हवे होते ते आणखी एक. त्यांच्याकडे वाघ फार थोडा आहे. माडगूळकरांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळवून देणारी 'सत्तांतर' ही कादंबरी वानरांच्या टोळ्यांविषयी आहे. चितमपल्लींच्या आयुष्यभराच्या श्रमाचे केंद्र पक्षी, झाडे आणि त्यांची नावे हे होते. 'पक्षीकोश' हे त्यांचे काम पाहावे. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा एका वनाधिकाऱ्याचा गौरव होत आहे असे अनेकांना वाटले. आमच्या मते तो मराठीत शब्दांची भर घालणाऱ्याचा गौरव होता. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजल्यांत 'अरण्यऋषी' हा शब्द सर्वत्र होता. ऋषी म्हटले की नमस्कार करून मोकळे होता येते. कोशकार म्हटले तर कोश उघडावा लागतो.

येथपर्यंतचे सारे पर्यटकाच्या बाजूचे झाले. 'वाघ दिसला' या वाक्याला दुसरी एक बाजू आहे आणि ती आम्हाला दुपारच्या उन्हात, दाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर कळली.

ताडोबात सर्वांत जास्त गर्दी उन्हाळ्यात का होते? शाळा-महाविद्यालयांना सुटी असते हे एक कारण. दुसरे असे की पानगळ झालेली असते, गवत खुरटलेले असते, लहान ओढे-नाले आटलेले असतात आणि चंद्रपूर जिल्ह्यातले ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेले की प्राण्यांना उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते. थोडक्यात, आपल्या हंगामाचा आधार त्यांची तहान आहे. पण त्याच हंगामाला आणखी एक आधार आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडली जातात. जंगलाकाठच्या गावांतली माणसे, त्यांत बायका मोठ्या संख्येने, अंधार विरण्याआधी घरातून निघतात आणि पायी जंगलात शिरतात. वर्षभरातल्या रोख मिळकतीचा मोठा भाग त्या थोड्या दिवसांत हाती येतो. म्हणजे ज्या पहाटे आम्ही मोहर्लीच्या रांगेत जिप्सीत बसून असतो, त्याच पहाटे त्याच जंगलाच्या दुसऱ्या कडेने कोणीतरी पायी आत जात असते.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या दिवशी शनिवार होता. सुटीच्या हंगामातला शनिवार म्हणजे पर्यटनाचा भरात आलेला दिवस. आम्ही या दोन गोष्टींत कारण आणि परिणाम असा संबंध जोडत नाही, तसा तो नाही. पण दोन्हींकडे एकच प्राणी आहे, एकच महिना आहे आणि एकच क्रियापद आहे. जिप्सीतल्या माणसाला वाघ दिसतो तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात. वाकून पाने तोडणाऱ्या बाईला वाघ दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आमचा गाइड बफरमधल्या गावचा, पंचविशीतला मुलगा. चहा पिताना आम्ही त्याला विचारले की रोज इतक्या लोकांना वाघ दाखवायचा ताण येत नाही का. तो म्हणाला, 'येते ना सर. नाही दिसला तं लोकं तोंड पाडून जाते.' मग थोडा थांबून म्हणाला, 'माझी आई तेंदूले जाते. घरून निघताना आईले वाघ दिसू नये असं वाटते आन् गेटमधी शिरलो का आपल्याले दिसावा असं वाटते.' हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. रोजच्या दोन कामांतली एक अडचण सांगावी तसे बोलला आणि पेला खाली ठेवून दुपारच्या फेरीची नोंद करायला गेला.

आम्ही पाचही जण भाषेचे शिक्षक असूनही 'दिसणे' या धातूचा एवढा अर्थ आम्हाला त्याआधी कोणी शिकवला नव्हता.

हे ऐकल्यावर ताडोबाच्या नावाकडेही पुन्हा पाहावे लागते. ताडोबा हे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९५ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प झाला. पण ताडोबा हे मुळात वाघाचे नाव नाही, माणसाचे आहे. वाघाशी झुंजताना मारला गेलेला आणि मग देव झालेला तारू, त्याचे ठाणे तळ्याच्या काठी झाडाखाली आहे आणि पौषात तेथे गोंडांची जत्रा भरण्याची परंपरा आहे. म्हणजे ह्या जंगलात गर्दी नवी नाही. जत्राही गर्दीच असते. पण त्या जत्रेच्या मध्यभागी वाघामुळे मेलेला माणूस होता आणि त्याच्याविषयीचा आदर वाघाविषयीच्या भयाला सोबत घेऊन चालत होता. आजच्या गर्दीच्या मध्यभागी फक्त वाघ आहे. गाभा क्षेत्रातल्या गावांपैकी बोटेझरी २००७ मध्ये हलवले गेले आणि पुढच्या काही वर्षांत नवेगाव, जामणी ही गावेही उठली. पुनर्वसन आवश्यक होते की नाही, ते नीट झाले की नाही, हा वेगळा आणि मोठा वाद आहे आणि त्याचा निवाडा आम्ही येथे करणार नाही. गावे उठली तेथे आता कुरणे आहेत, त्या कुरणांवर चितळ चरतात, चितळांमागे वाघ येतो आणि वाघामागे आम्ही. आपण ज्या मोकळ्या जागेकडे दुर्बीण रोखून बसलो आहोत तेथे कोणाचे तरी अंगण होते, एवढे तरी ठाऊक असावे.

मग करायचे काय? 'सुटीत जाऊ नका' हा सल्ला आम्ही देणार नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या बुधवारी जंगलात जाऊ शकणारे लोक फार थोडे आहेत आणि जंगल त्यांच्याचपुरते राखून ठेवावे असे म्हणणे म्हणजे शिकारखान्याचे दिवस परत आणणे आहे. ज्या मुलाला वडिलांनी खांद्यावर घेतले होते त्याचा त्या पहाटेवर आमच्याइतकाच हक्क होता. पर्यटन नको असेही म्हणवत नाही, कारण त्या गाइडचे घर त्यावर चालते आणि जंगल टिकावे असे वाटायला गावाला एक कारण मिळते. आमच्या सूचना लहान आहेत आणि बहुतेक स्वतःला उद्देशून आहेत.

पहिली सूचना प्रश्नाविषयी. दुपारच्या फेरीत आम्ही ठरवून समोरच्या गाड्यांना 'काय काय दिसलं?' असे विचारले. प्रश्न नेमका कळायला लोकांना क्षणभर लागत होता. काही जण 'काही नाही' म्हणाले. पण एका गाडीतल्या आजींनी रानकुत्र्यांची जोडी, दोन रानगवे आणि 'एक निळा-हिरवा पक्षी, नाव माहीत नाही' अशी यादी सांगितली. पक्ष्याचे वर्णन ऐकून आमच्या गाइडने नवरंग असेल म्हणून सांगितले आणि तो पावसाच्या तोंडावर येतो हेही. सबंध दिवसात तो एवढ्या उत्साहाने पहिल्यांदाच बोलला. त्याला हे सगळे ठाऊक होते, कोणी विचारले नव्हते.

दुसरी सूचना बक्षिशीविषयी, आणि ती अगदी व्यावहारिक आहे. वाघ दिसला तर हात सैल सोडायचा आणि नाही दिसला तर आखडता घ्यायचा, ही आपली रीत गाड्यांना पाणवठ्याकडे पळवते. कऱ्हांडल्याच्या प्रकरणात चालक आणि गाइड निलंबित झाले, मागच्या सीटवर बसलेल्यांच्या अपेक्षेचे निलंबन कोणी करू शकत नाही. ते आपले आपण करायचे आहे. फेरी सुरू होण्यापूर्वीच गाइडला सांगावे की काहीही दिसले तरी रक्कम तीच आणि गर्दी असेल तेथे गाडी नेली नाही तरी चालेल.

तिसरी सूचना वर्गाविषयी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करण्याची जुनी पद्धत आहे. शास्त्रीय गणनेची जागा आता कॅमेऱ्यांनी घेतली असली तरी निसर्गानुभव म्हणून तो उपक्रम चालतो. त्यातल्या नोंदवहीचा आम्हाला मोह आहे. तेथे रकाने असतात : वेळ, प्राणी, संख्या. रानडुक्कर आणि वाघ यांना सारख्याच रुंदीची ओळ मिळते. सहलीहून आलेल्या विद्यार्थ्याला आम्ही यापुढे 'अविस्मरणीय अनुभव' लिहायला सांगणार नाही, अशी नोंदवही लिहायला सांगू. आणि तिच्यात एक रकाना जास्त ठेवू : हे तुला कोणी दाखवले? गाइडने, चालकाने, चहावाल्याने, आजींनी. अरण्यलेखन शिकवताना हाच रकाना 'रानवाटा'लाही लावून पाहता येईल आणि तसे केले तर पार्श्वभूमीत गेलेली कितीतरी माणसे पुढे येतील. त्याच अभ्यासक्रमात, आमच्या मते, तेंदूपाने तोडणाऱ्या बाईचे निवेदनही हवे. ते अजून पुस्तकात आलेले नसेल तर विद्यार्थ्यांनी जाऊन ऐकावे आणि तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे.

या सूचनांनी पाणवठ्यावरची एकही गाडी उद्या कमी होणार नाही, हे आम्हाला कळते. पण गाड्यांची संख्या ठरवणे हे शासनाचे आणि न्यायालयाचे काम आहे, त्या गाडीत बसलेल्याच्या मनात कोणता प्रश्न आहे हे काही अंशी आमच्या हाती आहे. भाषा शिकवणाऱ्याने एवढे तरी आपले म्हणावे.

जून महिन्यात महाविद्यालय उघडले. पहिल्याच दिवशी शिक्षककक्षात एका सहकाऱ्याने विचारले, 'काय, ताडोबाला गेला होतात म्हणे! साइटिंग झाली का?' तास सुरू व्हायला दोन मिनिटे होती. आमच्या डोळ्यांपुढे पाणी न पिता परत फिरलेली ती पाठ आली, तो मुलगा आला, त्याची आई आली, जिला आम्ही पाहिलेलेही नाही.

आम्ही म्हणालो, 'झाली.'

ते उत्तर अपुरे होते, म्हणून हे लिहिले.